युद्धासाठी राखलेला दारूगोळा आणि इंधन: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाण्यात एनडीए, सीडीएस आणि पोलिसभरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींना मी संरक्षण हा विषय शिकवते. वर्गात उरण, पनवेल, अंबरनाथ, कळव्याची मुलं असतात. ७ मे २०२५ च्या नागरी संरक्षणाच्या मॉक ड्रिलनंतर मुलांपेक्षा त्यांच्या पालकांचेच प्रश्न जास्त येऊ लागले. परीक्षेचे प्रश्न आणि घरातली काळजी अशी दोन्ही त्यात मिसळलेली होती. पुन्हा पुन्हा आलेले प्रश्न इथे एकत्र केले आहेत. उत्तरांत गोपनीय काही नाही. कायदे, संसदेत मांडलेले अहवाल आणि सर्वांना ठाऊक असलेला इतिहास, एवढाच आधार आहे.

१. युद्धसाठा म्हणजे नेमकं काय? सैन्याकडे दारूगोळा तर कायमच असतो ना?

असतो, पण सगळा एका खात्यात मांडलेला नसतो. पलटणीकडे तोफांबरोबर, रणगाड्यांत आणि गाड्यांत भरलेला दारूगोळा असतो, तो पहिल्या फळीचा. वर्षभराच्या गोळीबार सरावासाठी मिळतो, तो वेगळा. या दोन्हींपलीकडे जो राखून ठेवतात त्याला सैन्यात ‘वॉर वेस्टेज रिझर्व्ह’ म्हणतात. युद्ध पेटल्यापासून कारखान्यांचं उत्पादन वाढेपर्यंत आणि बाहेरून मागवलेला माल बंदरात उतरेपर्यंत मध्ये जो काळ जातो, तो निभावण्यासाठी हा साठा असतो. इंधन, सुटे भाग, औषधं आणि शिधा यांचाही असा राखीव साठा असतो. चर्चा मात्र दारूगोळ्याचीच होते, कारण तो बाजारातून आयत्या वेळी उचलता येत नाही.

२. ‘४० दिवसांचा साठा’, ‘१० दिवसांचा साठा’ असं बातम्यांत येतं. हे दिवस मोजतात कसे?

सगळ्यात जास्त गैरसमज इथेच होतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

साठ्यातला ‘दिवस’ कॅलेंडरवरचा नसतो. घनघोर लढाईच्या एका दिवसात एका शस्त्राला किती मारा करावा लागेल, याचा आकडा आधी ठरवतात. त्याला शस्त्रांच्या संख्येने गुणलं की एका दिवसाची गरज निघते. भारतीय सैन्याचं मूळ गणित ६० दिवसांच्या युद्धाचं होतं. त्यातले ३० दिवस घनघोर आणि ३० दिवस साधारण लढाईचे धरले. तीन साधारण दिवसांचा खर्च एका घनघोर दिवसाइतका मानला, म्हणून ३० अधिक १० असे ४० ‘घनघोर दिवस’ झाले. बातमीतला ४० चा आकडा तिथून आला. त्याखाली २० दिवसांची एक पातळी ठरवलेली होती. तिच्याखाली साठा जाणं म्हणजे पत्करता येण्याजोग्या धोक्याची हद्द ओलांडणं.

दुसरी गोष्ट, ‘सैन्याकडे १० दिवसांचा दारूगोळा आहे’ हे वाक्यच अर्धवट आहे. साठा प्रत्येक प्रकाराचा वेगळा मोजतात. कॅगने जुलै २०१७ मध्ये संसदेत मांडलेल्या अहवालात १५२ प्रकारांचा हिशेब होता. सप्टेंबर २०१६ च्या स्थितीनुसार त्यातले ८३ प्रकार २० दिवसांच्या पातळीखाली होते, आणि ६१ प्रकार १० दिवसही पुरले नसते. रायफलच्या गोळ्या भरपूर आणि रणगाड्याचे गोळे अपुरे, असं एकाच वेळी असू शकतं. दोन्हींची सरासरी काढून काहीच कळत नाही. उरीच्या हल्ल्यानंतर तातडीच्या खरेदीचे अधिकार उपसेनाप्रमुखांना मिळाले. तुटीच्या प्रकारांची खरेदी त्यातून वेगाने झाली.

तिसरी गोष्ट कारगिलची. १९९९ मध्ये सुमारे ३०० तोफा, उखळी तोफा आणि रॉकेट लाँचर मिळून रोज ५,००० च्या आसपास गोळे आणि रॉकेटं डागली जात होती. टायगर हिल परत घेतली त्या दिवशी हा आकडा ९,००० वर गेला. युद्धसाठा ठरवणाऱ्याची खरी परीक्षा या दुसऱ्या आकड्याशी असते. दिवसांचा आकडा कानावर आला की तीन गोष्टी विचारा: कोणत्या प्रकाराचा, कोणत्या वेगाने, कोणत्या तारखेचा. या तीनांची उत्तरं नसतील तर त्या आकड्याने घाबरूही नका आणि निर्धास्तही होऊ नका.

३. १९६५ चं युद्ध दारूगोळा संपला म्हणून थांबवलं, हे खरं आहे का?

संपला नव्हता. युद्धविरामाच्या चर्चेत पंतप्रधान शास्त्रींनी लष्करप्रमुखांना विचारलं, तेव्हा आघाडीचा बहुतेक दारूगोळा खर्च झाला आहे, असं उत्तर मिळालं. नंतर हिशेब लागला तेव्हा प्रत्यक्ष खर्च सुमारे १४ टक्केच निघाला. युद्धविरामामागे संयुक्त राष्ट्रांचा दबाव आणि इतरही कारणं होती, त्यामुळे सगळा भार या एका उत्तरावर टाकणं बरोबर नाही. पण कोठारात माल असून तो किती आहे हे योग्य वेळी ठाऊक नसेल, तर निर्णय घेणाऱ्याच्या लेखी तो नसल्यातच जमा. माझ्या वर्गात साठ्याचा धडा मी याच प्रसंगाने सुरू करते. नोंदवही, लॉट नंबर (एका वेळी बनलेल्या मालाच्या गटाचा क्रमांक) आणि मोजदाद ही कारकुनी कामं वाटतात, पण लढाईचा भाग म्हणूनच ती शिकवायला हवीत.

४. दारूगोळा आणि इंधन एकाच विभागाकडे असतं का?

नाही. भूदलात दारूगोळा आर्मी ऑर्डनन्स कोर सांभाळते. इंधन, वंगण आणि शिधा आर्मी सर्व्हिस कोरकडे असतो. नौदलाचे स्वतःचे शस्त्रास्त्र डेपो आहेत. त्यांतले ट्रॉम्बे आणि करंजा हे मुंबई बंदराच्या दोन काठांवर आहेत. हवाई दलाची व्यवस्था स्वतंत्र आहे. परीक्षेत ऑर्डनन्स कोर आणि सर्व्हिस कोर ही जोडी हमखास विचारतात.

५. हा माल बनतो कुठे? अंबरनाथच्या फॅक्टरीत बॉम्ब बनतात का?

अंबरनाथची ऑर्डनन्स फॅक्टरी मुख्यतः धातूकाम करते. काडतुसांच्या कवचासाठी लागणारं पितळ आणि इतर अलोह धातू हे तिचं क्षेत्र. शेजारची मशीन टूल प्रोटोटाइप फॅक्टरी वेगळी. १ ऑक्टोबर २०२१ रोजी ऑर्डनन्स फॅक्टरी बोर्ड बरखास्त झालं आणि ४१ कारखाने सात सरकारी कंपन्यांत वाटले गेले. तेव्हा अंबरनाथचे हे दोन शेजारी दोन वेगळ्या कंपन्यांत गेले: पहिला यंत्र इंडियात, दुसरा आर्मर्ड व्हेइकल्स निगममध्ये.

एक गोळा तयार व्हायला अख्खा महाराष्ट्र लागतो म्हटलं तरी चालेल. वरणगाव आणि खडकीला काडतुसं, नागपूरजवळ अंबाझरीला गोळ्यांची कवचं, भंडाऱ्याला स्फोटक रसायनं, चांद्याला भरणी, आणि वर्धा जिल्ह्यातल्या पुलगावला साठवण. या साखळीतली एक कडी अडली की पुढचं सगळं थांबतं. २४ जानेवारी २०२५ ला भंडाऱ्याच्या कारखान्यात स्फोट होऊन आठ कामगार गेले. युद्धसाठ्याची किंमत अशीही मोजली जाते, आणि ती मोजणारी माणसं बहुधा गणवेशातली नसतात.

६. इतकी स्फोटकं एकाच जागी ठेवणं धोक्याचं नाही का?

धोका आहे, म्हणूनच ती एकाच ढिगात ठेवत नाहीत. डेपो म्हणजे एकमेकांपासून अंतर राखून बांधलेल्या अनेक कोठ्या. दोन कोठ्यांमध्ये मातीचे उंच बांध असतात, म्हणजे एकीत स्फोट झाला तर त्याचा जोर वर जावा, शेजारी जाऊ नये. प्रत्येक कोठीवर आकाशातली वीज जमिनीत उतरवणारा वाहक असतो. फ्यूज आणि डिटोनेटर (स्फोट घडवून आणणारे छोटे भाग) मुख्य स्फोटकाबरोबर ठेवत नाहीत. कोणता प्रकार कोणाच्या शेजारी चालतो, याचे गट ठरलेले असतात. गेटवरच काडेपेटी, लायटर आणि मोबाइल काढून घेतात. पेट्यांवर प्रकार, लॉट नंबर, बनवल्याचा महिना-वर्ष आणि धोक्याचा वर्ग रंगवलेला असतो. थप्पी भिंतीला टेकवत नाहीत. चारही बाजूंनी माणूस फिरू शकेल आणि हवा खेळेल, एवढी जागा सोडतात.

अंतराचं गणित समजून घेण्यासारखं आहे. सुरक्षित अंतर वजनाच्या घनमुळाच्या प्रमाणात वाढतं. ढोबळमानाने, स्फोटक आठपट झालं तर अंतर दुप्पट लागतं. म्हणून एका कोठीत किती ठेवायचं याची मर्यादा इमारतीच्या आकारावर ठरत नाही, ती शेजारच्या वस्तीवर ठरते. वस्ती जवळ सरकली की नियमाप्रमाणे कोठीतला माल कमी करावा लागतो. वस्तीच्या बाजूने हाच प्रश्न कसा दिसतो, ते प्रश्न १२ मध्ये आहे.

नियम असूनही दुर्घटना होतात. २८ एप्रिल २००० ला भरतपूरच्या डेपोत सुक्या गवताची आग दारूगोळ्यापर्यंत पोचली. ३० आणि ३१ मे २०१६ च्या मधल्या रात्री पुलगावला रणगाडाविरोधी सुरुंगांच्या साठ्याला आग लागली आणि ती विझवायला धावलेले अधिकारी, जवान आणि अग्निशमन कर्मचारी मृत्युमुखी पडले. दोन्ही घटना ऐन उन्हाळ्यातल्या आहेत. उन्हाळ्यापूर्वी आवारातलं गवत काढणं हे डेपोतलं सगळ्यात साधं काम, आणि मला विचाराल तर सगळ्यात महत्त्वाचंही.

७. दारूगोळा शिळा होतो का?

होतो. गोळा फेकणारी दारू बहुधा नायट्रोसेल्युलोजची असते. ती स्वतःहून हळूहळू विघटित होत राहते. विघटन आटोक्यात राहावं म्हणून तिच्यात स्थिरक रसायन घालतात. ते वर्षानुवर्षं खर्च होत जातं आणि संपत आलं की दारू तापून आपोआप पेटण्याचा धोका येतो. उष्णता आणि दमटपणाने हे लवकर घडतं, त्यामुळे कोकणातल्या कोठीला जास्त लक्ष लागतं. प्रत्येक लॉटचे नमुने ठरावीक काळाने तपासतात. मग तो लॉट वापरायोग्य, दुरुस्तीयोग्य किंवा बाद ठरतो. बाद झालेला माल नष्ट करणं हेही जोखमीचं काम आहे. नोव्हेंबर २०१८ मध्ये पुलगावजवळ जुना दारूगोळा निकामी करतानाच स्फोट होऊन सहा जणांचा जीव गेला.

म्हणून ‘भरपूर साठवून ठेवा’ हा सल्ला मला पटत नाही. साठा जितका मोठा, तितका दरवर्षी बाद होणाराही मोठा. जुना सरावाला काढायचा आणि नवा कोठीत घ्यायचा, असं चक्र चालू राहिलं तरच साठा जिवंत राहतो.

८. आणि इंधन? ते तर टाकीत वर्षानुवर्षं राहत असेल.

तेही बिघडतं. डिझेलच्या टाकीत तळाला पाणी साचतं. पाणी आणि डिझेल यांच्या सीमेवर जंतू वाढून गाळ तयार होतो, आणि तो ऐन वेळी फिल्टर बंद पाडतो. म्हणून इथेही आधी आलेलं आधी वापरायचं.

विमानाच्या इंधनाची चाचणी मुलांना मी नेहमी वर्णन करून सांगते. टाकीच्या तळातून काचेच्या बरणीत नमुना काढतात आणि बरणी गोल हलवून आत भोवरा करतात. पाणी किंवा कचरा असेल तर तो भोवऱ्याखाली मध्यभागी गोळा होतो. मग बरणी उजेडात धरून बघतात. डोळ्यांना न दिसणाऱ्या पाण्यासाठी एक छोटी कॅप्सूल असते. तिच्यातून इंधन ओढल्यावर पिवळा कागद हिरवट झाला, तर ते इंधन विमानात जात नाही.

थंडीचा प्रश्न वेगळा. लडाखमध्ये साधं डिझेल गोठतं, म्हणून इंडियन ऑइलने २०१९ मध्ये उणे ३३ अंशांपर्यंत वाहतं राहणारं हिवाळी डिझेल आणलं. बर्फाने रस्ते बंद होण्याआधी तिथल्या तुकड्यांसाठी महिनोन्‌महिन्यांचा शिधा आणि इंधन वर चढवतात. दरवर्षी होणारी ही साठवणूक शांततेच्या काळातही चुकत नाही.

९. विशाखापट्टणम, मंगळुरू, पाडूरचे भूमिगत तेलसाठे सैन्यासाठीच आहेत ना?

नाहीत, ते देशासाठी आहेत. तिथे खडकातल्या गुहांमध्ये कच्चं तेल आहे. शुद्धीकरण केल्याशिवाय त्याचा गाडीला किंवा विमानाला उपयोग नाही. क्षमता अनुक्रमे १३.३, १५ आणि २५ लाख टन, म्हणजे एकूण ५३.३ लाख टन. देशाची साधारण साडेनऊ दिवसांची गरज त्यातून भागते. तेल कंपन्यांच्या टाक्या धरल्या तर सरकारच्या हिशेबाने साधारण ७४ दिवस होतात. (हे दिवस आणि प्रश्न २ मधले दिवस वेगळ्या मापाचे आहेत, त्यांची तुलना करू नका.) सैन्य तयार इंधन तेल कंपन्यांकडून घेतं आणि आपल्या डेपोत ठेवतं.

जमिनीखाली ठेवलं म्हणजे चिंता मिटली, असंही नाही. अमेरिकी नौदलाने हवाईत रेड हिल येथे डोंगराच्या पोटात २० प्रचंड टाक्या बांधल्या होत्या. २०२१ मध्ये तिथलं इंधन पिण्याच्या पाण्यात मिसळलं आणि मार्च २०२२ मध्ये तो साठा कायमचा बंद करण्याचा निर्णय झाला.

१०. युद्ध लागलं तर पंपावरचं पेट्रोल सैन्याकडे वळवतील का? घरी कॅन भरून ठेवावा का?

पेट्रोलियम पदार्थ जीवनावश्यक वस्तू कायद्याखाली येतात, त्यामुळे वाटपावर नियंत्रण आणण्याचा अधिकार सरकारला आहे. पण मे २०२५ च्या तणावातही पुरवठा पुरेसा असल्याचं आणि रांगा लावू नयेत असं तेल कंपन्यांनी जाहीर केलं होतं. त्या वेळी इंधन असूनही पंप कोरडे पडले असते, तर ते घबराटीमुळे.

घरी पेट्रोल साठवू नका. वैयक्तिक वापरासाठी परवान्याशिवाय ३० लिटरपर्यंत पेट्रोल ठेवायला कायदा मुभा देतो, पण घोडबंदर रोडवरच्या पंधराव्या मजल्याच्या बाल्कनीत १० लिटरही जीवघेणं आहे. सोसायटीच्या जनरेटरचं डिझेल हा अपवाद. डिझेल वेगळ्या वर्गात मोडतं आणि एका पिंपाची क्षमता १,००० लिटरच्या आत असेल तर एकूण २,५०० लिटरपर्यंत परवाना लागत नाही. तरी ते पार्किंगमध्ये, मीटररूमजवळ ठेवू नका आणि अग्निशमन दलाच्या अटी बघून घ्या.

११. मॉक ड्रिलच्या यादीत उरण पहिल्या वर्गात आणि ठाणे दुसऱ्यात, असं का?

मे २०२५ च्या यादीत महाराष्ट्रातली पहिल्या वर्गातली ठिकाणं मुंबई, उरण आणि तारापूर होती. उरण परिसरात बंदर, मुंबई हायचं तेल-वायू उतरवणारा प्रकल्प, गॅसचा प्लँट आणि नौदलाचा डेपो, असं सगळं काही किलोमीटरमध्ये आहे. युद्धात इंधनाच्या टाक्या हे पहिलं लक्ष्य असतं. डिसेंबर १९७१ मध्ये आपल्याच नौदलाच्या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीच्या केमारी भागातल्या तेलटाक्या पेटवल्या. ४ डिसेंबरचा नौदल दिन त्याच मोहिमेचा. जे आपण केलं ते समोरचाही करू शकतो, हे धरूनच नागरी संरक्षणाची आखणी करावी लागते.

१२. उरणचा ‘सेफ्टी झोन’ म्हणजे काय? त्यात घर घ्यावं का?

दारूगोळ्याच्या डेपोभोवती ठरावीक अंतरापर्यंत बांधकामावर बंधनं येतात. आधार १९०३ चा वर्क्स ऑफ डिफेन्स अ‍ॅक्ट. त्यात बाहेरच्या कडेपासून २,०००, १,००० आणि ५०० यार्डांपर्यंतच्या तीन हद्दी आहेत, आणि आत जावं तशी बंधनं कडक होतात. करंजाच्या डेपोमुळे उरण शहर आणि लगतच्या गावांतली कित्येक घरं या वादात वर्षानुवर्षं अडकली आहेत. घर विकता येत नाही, कर्ज मिळत नाही, मुलाच्या लग्नासाठी वर एक खोली चढवता येत नाही. हे हाल खरे आहेत. डेपोची गरजही खरी आहे, आणि अंतराचं गणित (प्रश्न ६) कोणाच्या सोयीने बदलत नाही.

घर किंवा प्लॉट घेणार असाल तर एजंटच्या ‘झोन उठणार आहे’ या बोलण्यावर विसंबू नका. अधिसूचनेची प्रत आणि नकाशा मिळवा. त्यातला सर्व्हे नंबर सातबाऱ्यावरच्या नंबराशी स्वतः ताडून बघा. मग नियोजन प्राधिकरणाकडून लेखी उत्तर घ्या. तोंडी ‘काही प्रॉब्लेम नाही’ला काडीची किंमत नाही.

१३. आमचं घर अधिसूचनेच्या आधीपासूनचं आहे. आम्हालाही बंधनं लागू होतात का?

होऊ शकतात. कायद्याची भाषा फक्त नव्या बांधकामापुरती नाही. असलेलं बांधकाम राखणं, वाढवणं, बदलणं यालाही लष्करी अधिकाऱ्याची लेखी मान्यता लागते. मात्र त्याच कायद्यात नुकसानभरपाईची तरतूदही आहे. जिल्हाधिकारी नोटीस काढतात, चौकशी करतात आणि निवाडा देतात. म्हणून घर आधीचं असल्याचे पुरावे जपा: घरपट्टीच्या जुन्या पावत्या, वीजबिल, ग्रामपंचायतीच्या नोंदी. भरपाईचा दावा त्यांवरच उभा राहतो. त्यापुढे वकील गाठा.

१४. युद्धनौका मुंबईत दुरुस्तीला येते तेव्हा तिच्यावरचा दारूगोळा कुठे जातो?

मोठ्या दुरुस्तीआधी तो उतरवून डेपोत ठेवतात आणि नौका निघताना पुन्हा चढवतात. गजबजलेल्या गोदीत भरलेली नौका म्हणजे काय, हे मुंबईने दोनदा पाहिलंय. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया डॉकमध्ये फोर्ट स्टिकिन जहाजावर कापसाच्या गासड्या आणि सुमारे १,४०० टन स्फोटकं एकत्र होती. त्या स्फोटात शेकडो माणसं गेली. अग्निशमन दलाचे ६६ जवान त्यात होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळतात. १४ ऑगस्ट २०१३ ला सिंधुरक्षक पाणबुडी शस्त्रांसह नौदल गोदीत असताना स्फोट होऊन १८ नौसैनिक गेले.

१५. दुसऱ्या देशात ठेवलेला साठा कोणाचा धरायचा?

मालकी कराराने ठरते. अमेरिकेचा इस्रायलमध्ये मोठा युद्धसाठा आहे. माल अमेरिकेचा, आणीबाणीत इस्रायलला परवानगीने वापरता येतो. युक्रेन युद्धात अमेरिकेने त्यातलेच १५५ मिमीचे गोळे तिकडे वळवले. म्हणजे दुसऱ्याच्या मालकीचा साठा आपल्या अंगणात असला तरी हिशेबात पूर्ण धरता येत नाही. भारताने ऑगस्ट २०१६ मध्ये अमेरिकेशी केलेला लेमोआ करार वेगळा आहे. त्यात साठा ठेवणं नाही. एकमेकांच्या तळांवर इंधन आणि रसद घ्यायची आणि पैसे चुकते करायचे, एवढंच.

१६. करंजाच्या बाजूला फिरायला गेलो आणि रील काढली तर?

काढू नका. संरक्षण क्षेत्रातले डेपो १९२३ च्या शासकीय गुपिते कायद्याखाली निषिद्ध जागा ठरू शकतात, आणि ड्रोनचा प्रश्नच येत नाही. फाटक, कुंपण, टेहळणी मनोरे फ्रेममध्ये आले तरी अडचण होते. संशयास्पद काही दिसलं तर मात्र जरूर कळवा. सप्टेंबर २०१६ मध्ये उरणच्या शाळकरी मुलांनी हत्यारबंद माणसं पाहिल्याचं सांगितलं, तेव्हा अख्खा किनारा सतर्क करून शोध घेतला गेला. मुलांचं बोलणं कोणी उडवून लावलं नाही.

१७. शीळफाट्याकडच्या भंगाराच्या गोदामात तोफगोळ्यासारखं काही सापडलं. रिकामं असेल तर विकता येईल का?

रिकामं आहे हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. गंजलेल्या गोळ्यात फ्यूज शाबूत असू शकतो, आणि गॅस कटर लावला की संपलंच. हात लावू नका, उचलून बाजूला ठेवू नका, पाण्यात टाकू नका. सगळ्यांना लांब न्या आणि ११२ वर फोन करा. बॉम्ब शोधक व नाशक पथक येऊन ठरवेल. माल कुठल्या ट्रकमधून आला ते मात्र आठवून ठेवा, कारण त्याच खेपेत दुसरा गोळा असण्याची शक्यता असते.